माणसाचे वय आणि घरातली लक्ष्मी

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कळस चढला, सभामंडप उभा राहिला आणि जमाखर्चाची वहीही पुरी झाली. याच स्मरणिकेच्या अखेरीस देणगीदारांची यादी छापलेली आहे. कोणाच्या नावापुढे लाखाचा आकडा आहे, कोणाच्या नावापुढे एकशे एक, तर कोणाच्या नावापुढे नुसते अकरा रुपये. यादी हाती आली की माणूस सहज मनात म्हणतो, हा मोठा, हा मध्यम, हा लहान. पण या यादीत एक रकाना नाही, तो म्हणजे वयाचा. तो असता तर निराळेच चित्र दिसले असते. लाख देणारा बहुधा पन्नाशीतला असता. त्याची मुले मार्गी लागलेली, घर बांधून झालेले, विहिरीचे कर्ज फिटलेले. एकशे एकवाला तिशीतला असता. त्याची दोन पोरे शाळेत, बायको बाळंतपणाला माहेरी आणि सोसायटीचे कर्ज डोक्यावर. अकरा रुपये देणारी म्हातारी कदाचित अशी असती, की जिने हयातभर शेत कसले, पण आज तिच्या स्वतःच्या हाती रोख काहीच येत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. माणसाची संपत्ती वयाबरोबर कशी वाढते, कुठे अडते, कुठे ओसरते, आणि हे आधी कळले तर संसारात कोणते शहाणपण करता येते, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

गावात बोलताना लोक म्हणतात, अमका श्रीमंत, तमका गरीब. जणू या दोन जातीच आहेत आणि माणूस मरेपर्यंत आपल्या जागेवरून हलत नाही. हे अर्धेच खरे आहे. बागायत बापाच्या पोटी जन्मलेला आणि भूमिहीन मजुराच्या पोटी जन्मलेला यांची सुरुवात एक नसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु दुसरे अर्धे सत्य असे, की एकच माणूस एका जन्मात तीन वेळा ओढगस्तीला लागतो आणि दोन वेळा त्याला बरे दिवस येतात. हा नुसता तर्क नाही. इंग्लंडातील यॉर्क शहरात सीबोम राउंट्री या गृहस्थांनी १८९९ साली कामकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. ते स्वतः चॉकलेटच्या मोठ्या कारखानदाराचे चिरंजीव. गरिबी आळसातून येते की आणखी कशातून, याचा त्यांना शोध घ्यावयाचा होता. १९०१ साली त्यांनी पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात मजुराच्या आयुष्याचा नकाशाच निघाला. मजूर लहान असताना घरात ओढाताण, कारण खाणारी भावंडे पुष्कळ आणि कमावता एकटा बाप. तो स्वतः कामाला लागला की थोडे बरे दिवस. लग्न होऊन पोरेबाळे झाली की पुन्हा टंचाई. पोरे मिळवती झाली की पुन्हा हात सैल. आणि पोरे आपापल्या संसाराला लागून याच्या अंगातले बळ ओसरले, की शेवटची आणि सर्वांत अवघड टंचाई. माणूस तोच, कष्ट तेच, गाव तेच. बदलले ते फक्त वय.

येथे बसलेल्या प्रत्येकाने आपल्या घराकडे पाहावे. यॉर्क सातासमुद्रापलीकडे असले, तरी हा नकाशा ओळखीचा वाटेल.

शेतकऱ्याच्या बाबतीत हीच गोष्ट रशियातील चायानोव्ह या अभ्यासकाने अधिक नेमकी सांगितली. त्याचा ग्रंथ १९२५ सालचा. शेतकरी कुटुंबात खाणारी तोंडे किती आणि राबणारे हात किती, हे प्रमाण पाहावे असे तो म्हणतो. नवे लग्न झाले तेव्हा तोंडे दोन आणि हातही दोघांचे. पुढे दर दोन-तीन वर्षांनी एक तोंड वाढते, हात मात्र तेवढेच राहतात. दहा-पंधरा वर्षांपर्यंत ताण चढत जातो. मग थोरला मुलगा औताला हात लावू लागतो, मुलगी आईबरोबर खुरपायला जाते, आणि ताण उतरू लागतो. ज्या घरात हात अधिक, ते घर खंडाने जमीन घेते, गाय-म्हैस वाढवते. म्हणून गावात ज्याचे शेत मोठे दिसते, तो दरवेळी अधिक हुशार असतो असे नाही. पुष्कळदा त्याचे कुटुंब केवळ भरात आलेले असते. आज पोरे औताला जात नाहीत, शाळा-कॉलेजात जातात, हे चांगलेच झाले. पण त्यामुळे तोंडे आणि हात यांचा मेळ बसायला पूर्वीपेक्षा अधिक वर्षे लागतात, हे मात्र ध्यानी घेतले पाहिजे. पूर्वी बारा वर्षांचा मुलगा घराला हातभार लावी. आज पंचविशीपर्यंत त्याच्यावर खर्च करावा लागतो.

तिसरे नाव फ्रँको मोदिग्लियानी यांचे. हे मूळचे इटलीचे, पुढे अमेरिकेत स्थायिक झाले. १९५० नंतरच्या काळात त्यांनी आपला विद्यार्थी रिचर्ड ब्रम्बर्ग याच्याबरोबर एक साधा विचार मांडला आणि पुढे १९८५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विचार इतका साधा आहे, की येथील कोणतीही गृहिणी म्हणेल, यात नवीन ते काय! सुगी वर्षातून एकदा येते, चूल मात्र रोज पेटते. म्हणून शहाणी बाई सुगीत कणगी भरते आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवून वापरते. आयुष्याचेही तसेच. माणूस खातो सत्तर-ऐंशी वर्षे, पण कमावतो त्यातली पस्तीस-चाळीस वर्षे. तारुण्यात तो कर्ज काढून खातो, मध्यम वयात शिल्लक टाकतो आणि म्हातारपणी शिलकीतून खर्च करतो. संपत्तीचे हे चित्र घाटाच्या वाटेसारखे आहे: आधी चढ, मग माथा, मग उतार. माथ्यावर उभे असताना माणसाला वाटते की आता सपाटच सपाट आहे. खरी चूक होते ती येथेच.

पुढच्या अभ्यासकांना असेही आढळले, की वृद्ध माणसे या हिशेबाइतका खर्च करीत नाहीत. ती शिल्लक धरून ठेवतात. कारणे दोन: आजारपण किती खाईल याची भीती, आणि मुलांसाठी काही मागे ठेवण्याची इच्छा. ही दोन्ही कारणे इथल्या म्हाताऱ्यांना कोणी समजावून सांगावी लागत नाहीत.

आता घराकडे येऊ. मोदिग्लियानींचा हिशेब पैशात होता. पैसा थोडा थोडा काढून खाता येतो. गावच्या माणसाची संपत्ती मात्र पैशात नसते. रिझर्व्ह बँकेच्या समितीने २०१७ साली कुटुंबांच्या संपत्तीविषयी अहवाल दिला. त्यात असे दिसले, की भारतातील सरासरी कुटुंबाच्या शंभर रुपयांच्या मालमत्तेपैकी ७७ रुपये जमीन आणि घरात असतात, ७ रुपये इतर टिकाऊ वस्तूंत, ११ रुपये सोन्यात, आणि पोस्ट, बँक, विमा वगैरे सगळे मिळून अवघे ५ रुपये. याचा अर्थ काय? पाच एकरांचा धनी कागदावर लक्षाधीश असतो, पण रात्री छातीत कळ आली तर तालुक्याला जायला गाडीभाडे उसने मागतो. जमीन मूठभर विकता येत नाही. बांध फोडून त्यातून औषध आणता येत नाही. म्हणून माणसाजवळ संपत्ती किती हा पहिला प्रश्न, पण ती कोणत्या वयाला कोणत्या रूपात आहे, हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

येथून पुढे वयाच्या एकेका टप्प्यावर थांबून पाहू.

पहिला टप्पा विशी-पंचविशीचा. या वयात हाती पैसा थोडा असतो, पण वर्षे पुष्कळ असतात. आणि पैशाला वाढायला जे लागते ते म्हणजे वर्षेच. समजा, एखाद्या मुलाने पंचविसाव्या वर्षापासून दरमहा ५०० रुपये बाजूला टाकले आणि त्यावर वर्षाला ७ टक्के व्याज चढत गेले, तर तीस वर्षांत तो १ लाख ८० हजार रुपये भरतो आणि हाती येतात सुमारे ६ लाख १० हजार. त्याच्या मित्राने हेच काम दहा वर्षे उशिरा, पस्तिशीला सुरू केले. त्याने भरले १ लाख २० हजार आणि त्याला मिळाले सुमारे २ लाख ६० हजार. भरण्यात फरक साठ हजारांचा, मिळण्यात फरक साडेतीन लाखांचा. हा साडेतीन लाखांचा फरक कष्टाने पडलेला नाही, नुसत्या वयाने पडलेला आहे. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे, पण थेंब लवकर पडू लागले पाहिजेत.

सरकारच्या अटल पेन्शन योजनेतही हेच दिसते. २०१५ साली ही योजना निघाली. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळावेत अशी इच्छा असेल, तर अठराव्या वर्षी नाव घालणाऱ्याला महिन्याला २१० रुपये पडतात. चाळिसाव्या वर्षी घालणाऱ्याला १,४५४ रुपये. चाळिशीनंतर दारच बंद होते. प्राप्तिकर भरणाऱ्यांना २०२२ पासून नव्याने त्यात येता येत नाही. पण गवंडी, सुतार, ड्रायव्हर, शेतमजूर, टपरीवाला यांना ते खुले आहे. ज्याला कारखान्याचा फंड नाही, सरकारी पेन्शन नाही, त्याने विशीतच हा विचार करावा. त्याही पुढे एक सावधगिरी आहे. भाव वाढत असतात. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. तेव्हा आजचे पाच हजार उद्याचे पाच हजार नव्हेत. त्यामुळे केवळ एका योजनेवर विसंबून राहू नये.

दुसरा टप्पा तिशी-पस्तिशीचा, म्हणजे चढाचा. येथे तोंडे वाढतात आणि कर्ज होते. कर्ज होणे हा गुन्हा नाही. चढावर ओझे असते तसे या वयात कर्ज असतेच. पाहायचे एवढेच, की कर्ज कशासाठी आणि किती वर्षांचे. विहीर, पाइपलाइन, दुभते जनावर, मुलीचे शिक्षण यांसाठी काढलेले कर्ज स्वतः कमावते आणि स्वतःला फेडायला मदत करते. बारशाच्या आणि लग्नाच्या जेवणावळीसाठी काढलेले कर्ज पंगत उठताच निरुपयोगी होते, राहते ते व्याज. सावकाराचे शेकडा तीन रुपये महिना ऐकायला किती थोडे वाटते! पण व्याजावर व्याज धरले तर चोवीस महिन्यांत मुद्दल दुप्पट होते. पंचविशीतल्या हौसेचे कर्ज पन्नाशीपर्यंत फेडणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांची नावे घेण्याची गरज नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने एकदा मोठा धडा घेतलेला आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चालले. तिथला कापूस बंद झाला आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेतकऱ्यांना वाटले, हेच दिवस राहणार. तेजी पाहून सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली आणि कुणब्यांनी घेतली. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढलेला. कर्जे जागच्या जागी राहिली. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोक उसळले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या नि खतपत्रे बाहेर काढून जाळली. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील कित्येक गावांत पसरले. त्यातूनच १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कायद्याने पुढे काही आधार दिला, पण ज्यांची जमीन गेली त्यांचे तारुण्य काही परत आले नाही. तेजीच्या दोन वर्षांवर वीस वर्षांचे कर्ज उभारू नये, हा तो धडा. आज उसाला, कांद्याला किंवा डाळिंबाला एखादे साल चांगले आले की दाराशी नवा ट्रॅक्टर येतो. तो यावा, पण एका सालाच्या पट्टीवर नव्हे, पाच सालांच्या सरासरीवर यावा.

तिसरा टप्पा पंचेचाळीस ते साठ. हा घाटाचा माथा. कर्ज फिटत आलेले, मुले हाताशी आलेली. पण नेमक्या याच वयात तीन मोठे खर्च हातात हात घालून येतात: मुलाचे शिक्षण, मुलीचे लग्न आणि घराचे बांधकाम. लोक काय म्हणतील या एका प्रश्नापायी वीस वर्षांची कणगी चार दिवसांत रिकामी होते. लग्नात पाचशे पाने जास्त उठली म्हणून मुलीचा संसार अधिक सुखाचा झाला, असे कोणी पाहिलेले नाही. पण त्या पाचशे पानांनी बापाच्या म्हातारपणातली पाच वर्षे खाल्ली, असे मात्र पुष्कळांनी पाहिलेले आहे.

या माथ्यावरच दैवाचा घालाही कधी पडतो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ती माणसे येथे बसली आहेत. दावणीची जनावरे मातीमोल गेली, अंगावरचे दागिने गेले, बागायतदारही खडी फोडायला गेले. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तसाच घाला मुंबईच्या गिरणी कामगारांवर पडला. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच खात्यात चढले नाहीत. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातील गावोगावची घरे गिरणीच्या मनीऑर्डरवर चालत. ज्या वयात शिल्लक टाकायची, त्याच वयात चाळिशी-पंचेचाळिशीची माणसे ट्रंक घेऊन गावी परतली. कित्येकांनी पत्नीचे मंगळसूत्र मोडून पोराची फी भरली. अशा माणसाला कोणी उधळ्या किंवा आळशी म्हणू नये. त्याची कणगी भरण्यापूर्वीच सुगी बंद झाली होती. आणि यातून शिकायचे ते हेच, की एका मिळकतीवर सारे घर टांगू नये. थोडे शेत, थोडे दूध, थोडी शिल्लक, आजारपणाचा विमा आणि घरातील बाईच्या हातचा एखादा धंदा, अशी दोन-चार खुंट्यांवर लक्ष्मी टांगलेली बरी.

चौथा टप्पा म्हातारपणाचा. आणि आजच्या व्याख्यानातील सर्वांत नाजूक गोष्ट येथे आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुष्य सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात आहे. पूर्वी म्हातारपण थोडक्यांच्या वाट्याला येई आणि थोडे दिवस राही. आज साठीनंतर पंधरा-वीस वर्षे काढावी लागतात. उलट जमीन आटत चालली आहे. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर जमीन होती. २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर राहिली. जमिनीचे पोट लहान झाले आणि तिच्यावर जगायची म्हातारपणाची वर्षे वाढली.

अशा वेळी मुलगा म्हणतो, "दादा, जमीन आता माझ्या नावावर करा, म्हणजे कर्ज काढता येईल." वडील भोळेपणाने तालुक्याला जाऊन सही करतात. मुलगा वाईट असतोच असे नाही. बहुतेक मुले आईबापांना सांभाळतात. पण मुलगा आधी गेला तर? सुनेचे नि सासूचे बिनसले तर? वयाच्या सत्तरीला माणसाकडे दुसरी सुगी नसते. म्हणून दोन कागदांतला फरक प्रत्येकाने समजून घ्यावा. बक्षीसपत्र नोंदवून दिले की मालकी त्याच दिवसापासून जाते आणि साधारणपणे ते मागे घेता येत नाही. मृत्युपत्र मात्र माणसाच्या पश्चात अमलात येते. हयातीत ते केव्हाही बदलता येते. त्याला मुद्रांक लागत नाही, ते साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र असाव्याच लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. ते आपल्या हिश्श्यापुरतेच करता येते, हेही विसरू नये. हयातीतच जमीन द्यायची झाली, तर "हयातीत सांभाळ करीन" ही अट दस्तातच लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा असे सांगतो, की सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन जो सांभाळत नाही, त्याच्या नावचा दस्त रद्द ठरवता येतो. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. कोणत्याही आईबापावर तो अर्ज करण्याची पाळी न येवो. पण अट लिहिलेली असली, की बहुधा ती पाळी येतही नाही. कागद अविश्वासासाठी नसतो. प्रेम टिकावे म्हणूनच तो करावयाचा असतो.

आणि आता बायकांविषयी. आतापर्यंत जो घाट वर्णन केला, तो पुरुषाचा होता. बाईचा घाट कोणी काढतच नाही. लग्नात तिच्या अंगावर चार दागिने येतात, तेच तिचे भांडवल. पहिल्या अडचणीत पाटल्या सोनाराकडे जातात, दुसऱ्या अडचणीत पुतळ्यांची माळ. विहीर त्यातून होते, सातबाऱ्यावर नाव मात्र नवऱ्याचे लागते. चाळीस वर्षे राबून ती साठीला येते तेव्हा तिच्या नावावर काय असते? आणि ती बहुधा नवऱ्यापेक्षा वयाने लहान आणि आयुष्याने मोठी, म्हणजे घाटाच्या उताराचा शेवटचा तुकडा तिला एकटीलाच चालावा लागतो. प्रारंभी सांगितलेली अकरा रुपये देणारी म्हातारी हीच.

कायदा तिच्या बाजूने आलेला आहे. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला; २००५ साली तो देशभर झाला; आणि हा हक्क मुलीला जन्मानेच मिळतो, त्या तारखेला वडील हयात असोत वा नसोत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. पत्नीचे नाव नवऱ्याच्या हयातीतच सातबाऱ्यावर लावण्याची लक्ष्मीमुक्तीची सोयही महाराष्ट्रात झाली. पण सोय चावडीत आहे आणि माणूस घरात बसला आहे, असे पुष्कळ ठिकाणी घडते. या सभामंडपात नव्या मूर्तीपुढे हात जोडणाऱ्या प्रत्येक कर्त्या पुरुषाने घरी जाऊन एवढे पाहावे, की जिच्या पाटल्यांतून विहीर झाली, तिचे नाव सातबाऱ्यावर आहे काय? बचत गटात तिचे स्वतःचे खाते आहे काय? पोस्टातील ठेवीवर वारस म्हणून तिचे नाव लावले आहे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे जर होय अशी असतील, तर त्या घराचा उतार सुखाचा होईल.

शेवटी दानाविषयी थोडे, कारण निमित्त देणग्यांचे आहे. परंपरेने सांगितलेली तुकोबारायांची एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. वडिलांची सावकारी होती, लोकांची खते घरात होती. दुष्काळ, घरातले मृत्यू या सगळ्यांतून गेल्यावर त्यांनी ती खते इंद्रायणीत बुडवली. पण या गोष्टीतला एक भाग सांगताना राहून जातो. त्यांनी सारी खते बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा आधी त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. एवढा विरक्त पुरुष, पण दुसऱ्याच्या हिश्श्याला त्यांनी हात लावला नाही. दानाचे माप यात आहे. बायकोच्या म्हातारपणाचा वाटा, पोरांच्या शिक्षणाचा वाटा आणि देणेकऱ्याचा वाटा बाजूला काढून जे आपले उरते, त्यातले द्यावे. ते अकरा रुपये असले तरी पुरे आहे.

आणि प्रत्येक वयाचे दान एकाच नाण्यात नसते. विशीतल्या पोरांनी या कामावर दगड वाहिले, त्यांच्याजवळ अंगबळ होते, ते त्यांनी दिले. पन्नाशीतल्यांनी पैसा दिला, कारण ते माथ्यावर आहेत. वृद्धांनी जुन्या मंदिराची माहिती, रीत आणि चार शब्द दिले. हाच पोरगा तीस वर्षांनी माथ्यावर येईल आणि आजचा लाखवाला तेव्हा कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढत असेल. म्हणून ज्याचा आज चढ आहे त्याने खचू नये, ज्याचा माथा आहे त्याने फुगू नये आणि ज्याचा उतार आहे त्याला कोणी ओझे समजू नये.

देणगीदारांच्या यादीत वयाचा रकाना नाही, तो तसाच राहू द्यावा. पण यादी वाचताना प्रत्येक आकड्यामागचे वय मनातल्या मनात वाचावे. मग त्या यादीत मोठा-लहान कोणी उरणार नाही. एकाच वाटेवर मागेपुढे चालणारी सारी माणसे दिसतील. सर्व ग्रामस्थांच्या घरी कणगी भरलेली राहो आणि ती भरणाऱ्यांचे म्हातारपण सुखात जावो, एवढी प्रार्थना करून हे व्याख्यान येथे पुरे होत आहे.